छत्र डोक्यावर, दांडा कोणाच्या अंगणात?

१५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून बोलताना पंतप्रधानांनी 'मिशन सुदर्शन चक्र' जाहीर केले. २०३५ पर्यंत देशातील सर्व महत्त्वाच्या ठिकाणांवर सुरक्षा कवच उभे राहील आणि त्यात लष्करी महत्त्वाच्या स्थळांबरोबरच रुग्णालये, रेल्वे, श्रद्धास्थाने अशी नागरी ठिकाणेही येतील, असे त्या घोषणेचे सार होते. त्यानंतर आठच दिवसांनी, २३ ऑगस्टला, डीआरडीओने ओडिशाच्या किनाऱ्यावर एकात्मिक हवाई संरक्षण शस्त्र प्रणालीची पहिली चाचणी यशस्वी केली. दोन वेगवान मानवरहित विमाने आणि एक बहुपंखी ड्रोन अशी तीन लक्ष्ये वेगवेगळ्या अंतरांवर आणि उंचींवर एकाच वेळी टिपली गेली. त्यासाठी तीन शस्त्रे एका नियंत्रण केंद्राखाली एकत्र आली होती: सुमारे ३० किलोमीटर पल्ल्याचे क्यूआरसॅम, सुमारे ६ किलोमीटरचे व्हीशोराड्स आणि उच्च शक्तीचा लेझर.

या यशाचा देशाला अभिमान वाटला आणि तो वाटणे रास्तच होते. चार दशकांपूर्वी, १९८३ मध्ये एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम सुरू झाला तेव्हा परदेशांनी नाकारलेले तंत्र घरी घडवायचे होते. त्यातून आलेल्या 'आकाश'ने मे २०२५ च्या संघर्षात प्रत्यक्ष रणात आपले काम केले. ७ आणि ८ मेच्या दरम्यानच्या रात्री श्रीनगरपासून भूजपर्यंत १५ ठिकाणच्या लष्करी लक्ष्यांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी हल्ल्याचा प्रयत्न झाला आणि तो हवेतच मोडून काढण्यात आला, असे सरकारी निवेदनात सांगितले गेले. त्याच निवेदनात आणखी एक वाक्य होते, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पाडलेल्या हत्यारांचे अवशेष अनेक ठिकाणांहून गोळा केले जात आहेत, असे ते वाक्य.

हवाई संरक्षणाचा सगळा अवघड भाग त्या वाक्यात आहे. हल्ला हवेत मोडला तरी तो हवेत विरून जात नाही. त्याचे तुकडे कोठेतरी पडतात. कवच आभाळात दिसत असले तरी ते उभे जमिनीवरच असते. रडार, प्रक्षेपक वाहने, नियंत्रण कक्ष, क्षेपणास्त्रांचा साठा, या सर्वांना जागा लागते. ज्यांचे रक्षण करायचे ती रुग्णालये, स्थानके आणि देवळे तर माळरानावर नसतात. ती भर वस्तीत असतात. मग त्यांचे रक्षण करणारी क्षेपणास्त्रेही भर वस्तीत ठेवायची काय?

हा प्रश्न नकाशावर मांडून पाहण्यासाठी लखनौ हे शहर योग्य आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तेथे सुमारे २८ लाख लोक राहत होते. सेनेच्या मध्य विभागाचे मुख्यालय तेथील छावणीत आहे. ११ मे २०२५ रोजी, संघर्ष थांबून एक दिवसही उलटला नव्हता तेव्हा, ब्राह्मोसची जुळणी आणि चाचणी करणाऱ्या केंद्राचे उद्घाटन तेथे झाले. ब्राह्मोस हे हवाई संरक्षणाचे नव्हे, तर प्रहाराचे क्षेपणास्त्र आहे. परंतु ज्या शहरात ते घडते त्या शहराचे महत्त्व शत्रूच्या नकाशावर वाढते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्या आधी ७ मे रोजी देशातील २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, त्यातही लखनौ होते.

आणि या शहराच्या पोटात अमीनाबाद आहे. अवधचा नवाब अमजद अली शाह याचा वजीर इमदाद हुसेन खान अमीनुद्दौला याच्या नावाने वसलेला हा बाजार पुण्याच्या रविवार पेठेला किंवा मुंबईच्या भुलेश्वरला जवळचा वाटावा असा आहे. चिकनकारीची दुकाने, पुस्तकांचे गाळे, औषधांची घाऊक बाजारपेठ, बांगड्या आणि शृंगारसाहित्याने भरलेली 'गडबडझाला' नावाची गल्ली, टुंडे कबाबीसमोरची रांग, आणि मध्ये थोडा मोकळा श्वास म्हणून झेंडेवाला पार्क. संध्याकाळी तेथे चालणाऱ्या माणसाला पुढच्या माणसाच्या वेगानेच चालावे लागते. अमीनाबाद येथे केवळ मोजपट्टी म्हणून घेतले आहे. जे उत्तर अमीनाबादेला लागू पडेल, ते देशातल्या कोणत्याही दाट वस्तीला लागू पडेल.

आधी शास्त्राचा भाग पाहू. क्षेपणास्त्रे शहरात, तीही उंच इमारतींच्या गच्चीवर ठेवावीत असा मोह सैन्यांना का होतो, याचे उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे. समजा, एक क्रूझ क्षेपणास्त्र जमिनीपासून ५० मीटर उंचीवरून, सेकंदाला २५० मीटर वेगाने शहराकडे येत आहे. शहरात १० मीटर उंचीवर बसवलेल्या रडारला ते सपाट प्रदेशातही सुमारे ४२ किलोमीटरवर आल्याशिवाय दिसत नाही, कारण त्यापलीकडे क्षितिज आडवे येते. दिसल्यापासून शहर गाठेपर्यंत त्याला पावणेतीन मिनिटांच्या आसपास लागतात. तेच रडार ६० मीटर उंच इमारतीच्या माथ्यावर नेले, तर अंतर ६१ किलोमीटर होते आणि वेळ चार मिनिटांची होते. हवाई संरक्षणात सव्वा मिनिट ही मोठी पुंजी असते. ओळख पटवणे, आपले विमान तर नाही ना हे तपासणे, शस्त्र निवडणे आणि डागणे, हे सर्व त्या वेळात बसवायचे असते. शिवाय खाली उभ्या असलेल्या तोफेला समोरच्या चार मजली इमारतीमुळे आभाळाचा निम्मा तुकडाच दिसतो. म्हणून गच्ची.

लंडनने हा मोह प्रत्यक्षात आणला. २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी ब्रिटिश संरक्षण खात्याने शहरात आणि परिसरात सहा ठिकाणी जमिनीवरून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे ठेवली. त्यांपैकी चार ठिकाणे मोकळ्या जागेत होती; दोन मात्र थेट निवासी संकुलांत. बो क्वार्टरमधील लेक्सिंग्टन इमारतीचा मनोरा आणि लेटनस्टोनमधील फ्रेड विग टॉवर या १७ मजली इमारतीची गच्ची. तेथे स्टारस्ट्रीक क्षेपणास्त्रे बसणार होती. त्याचा पल्ला सुमारे ७ किलोमीटर आणि वेग ध्वनीच्या तिपटीहून अधिक. फ्रेड विग टॉवरचे रहिवासी उच्च न्यायालयात गेले. आपल्या डोक्यावर शस्त्र ठेवण्यापूर्वी आपल्याला नीट विचारले गेले नाही आणि या शस्त्रामुळे आपले घरच लक्ष्य होईल, अशी त्यांची तक्रार होती. १० जुलै २०१२ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. राष्ट्रीय सुरक्षेचा निर्णय घेण्याचा अधिकार सरकारचा आहे, असा त्या निकालाचा रोख होता. क्षेपणास्त्रे गच्चीवर चढली, स्पर्धा शांततेत पार पडल्या आणि एकही क्षेपणास्त्र न डागता ती उतरवली गेली. सरकार कायद्याने जिंकले. रहिवाशांचा प्रश्न मात्र निकालात निघाला नाही, कारण तो कायद्यापेक्षा जुना आहे.

लखनौला तर तो फारच ओळखीचा आहे. १८५७ च्या उन्हाळ्यात रेसिडेन्सीला वेढा पडला तेव्हा भोवतालची घरे, हवेल्या आणि मशिदी हेच तोफांचे आणि बंदुकींचे अड्डे झाले. ज्या छपराखाली कुटुंबे राहत होती, त्याच छपरावरून मारा होत होता. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी शहर परत घेतले आणि पहिले काम काय केले? अभियंता रॉबर्ट नेपियर याने शहर ताब्यात ठेवण्याची योजना लिहिली आणि तिच्यानुसार दाट मोहल्ल्यांतून रुंद रस्ते कापले गेले, म्हणजे पुन्हा कधी गल्ल्यांमधून मारा होणार नाही आणि सैन्य व तोफा मोकळेपणाने फिरतील. शहराचा मोठा भाग त्यात जमीनदोस्त झाला. तोफ कोणाची होती हे पाहण्याची तसदी पाडणाऱ्यांनी घेतली नाही. घर एकदा तोफेच्या हिशेबात धरले गेले की तोफेची किंमत घराने मोजायची असते, हा धडा लखनौच्या रस्त्यांच्या रुंदीत आजही दिसतो.

पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याने हाच धडा शब्दांत बांधला. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक मसुद्यातील कलम ५८ सांगते की, शक्य असेल तितके लष्करी लक्ष्य दाट वस्तीत किंवा तिच्याजवळ ठेवणे टाळावे. भारत त्या पूरक मसुद्याचा पक्षकार नाही. तरीही आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या २००५ च्या अभ्यासाने हे तत्त्व रूढ कायद्याचा भाग म्हणून नोंदवले आहे. त्यातील 'शक्य असेल तितके' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कायदा शहरात शस्त्र ठेवण्यावर सरसकट बंदी घालत नाही; तो सैन्याकडून प्रामाणिक प्रयत्नाची अपेक्षा करतो. काय शक्य आहे, हे मात्र तंत्रज्ञान ठरवते. १९४० मध्ये जे अशक्य होते ते आज शक्य असेल, तर तेच नियम आज अधिक कडक होतात.

भारतातही ही चर्चा मे २०२५ मध्ये उफाळून आली, आणि तीही देशाच्या अत्यंत पवित्र स्थानी. सुवर्ण मंदिराला लक्ष्य करण्याचा प्रयत्न हवाई संरक्षण दलाने हाणून पाडला, असे सेनेकडून सांगण्यात आले. पाठोपाठ सेनेच्या हवाई संरक्षण दलाच्या प्रमुखांच्या मुलाखतीतून असा अर्थ निघाला की, मंदिर व्यवस्थापनाने आवारात तोफा ठेवू दिल्या होत्या. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने आणि मुख्य ग्रंथींनी हे स्पष्ट शब्दांत नाकारले. २० मे रोजी सेनेने खुलासा केला की, श्री दरबार साहिबच्या आवारात हवाई संरक्षणाची तोफ किंवा इतर कोणतीही सामग्री ठेवली नव्हती. खुलाशाने वाद शमला. परंतु त्या दोन दिवसांत लोकांनी जी अस्वस्थता दाखवली, तिच्यात एक सहज समज होती. रक्षण हवे, पण रक्षणाचे हत्यार गाभाऱ्याच्या दारात उभे राहिले की गाभाऱ्याचे स्वरूपच बदलते. श्रद्धास्थानांना कवच देण्याची घोषणा त्यानंतर तीन महिन्यांनी झाली. म्हणजे कवच आणि आवार यांतील अंतर किती असावे, हा प्रश्न घोषणेच्या आधीपासूनच देशापुढे होता.

अंतर राखण्याचे दुसरे कारण म्हणजे चूक. हवाई संरक्षणाला निर्णयासाठी मिनिटे मिळतात, कधी सेकंद. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटनंतरच्या तणावात, श्रीनगरजवळ बडगाम येथे वायुसेनेचे एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच स्पायडर क्षेपणास्त्राने पडले. आतील ६ वायुसैनिक गेले आणि जमिनीवरचा एक नागरिकही गेला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वायुसेनाप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ही मोठी चूक होती असे जाहीरपणे मान्य केले. तो कबुलीजबाब सेनेच्या प्रतिष्ठेला शोभणारा होता. परंतु त्या घटनेतील सातवा मृत्यू लक्षात ठेवायला हवा. तो माणूस कोणत्याही लढाईत नव्हता. तो फक्त त्या आभाळाखाली होता.

असे आभाळ जगात इतरत्रही दिसते. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी पोलंडच्या प्शेवोदूव गावात क्षेपणास्त्र पडून दोघे मरण पावले. ते बहुधा रशियन हल्ला परतवण्यासाठी युक्रेनने डागलेले होते, असे पोलंड आणि नाटो यांनी सांगितले. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा शेजारच्या होनोलुलू शहरातील बहुतेक स्फोट जपानी बाँबचे नव्हते. हवेत न फुटलेले अमेरिकेचेच विमानविरोधी गोळे शहरावर पडत होते. आणि मे २०२५ मध्ये पंजाबच्या फिरोजपूर जिल्ह्यात एका घरावर ड्रोन कोसळून एकाच कुटुंबातील तिघे होरपळले. त्यांतील महिलेचा काही दिवसांनी मृत्यू झाला. शत्रूचे हत्यार असो वा आपले, खाली येताना ते ओळखपत्र दाखवत नाही.

साठ्याचा धोका वेगळाच. मराठी वाचकाला त्यासाठी दूर जायला नको. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत एसएस फोर्ट स्टिकीन या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि त्यांच्याच शेजारी कापसाच्या गासड्या होत्या. आग लागली, दोन प्रचंड स्फोट झाले आणि गोदीलगतची वस्ती बेचिराख झाली. जहाजातील सोन्याच्या विटा दूरच्या घरांच्या छपरांवर जाऊन पडल्या. धोकादायक माल असल्याची खूण म्हणून लावायचे लाल निशाण त्या जहाजावर नव्हते. युद्धकाळात गुप्ततेला महत्त्व होते. गोदीकाठच्या लोकांना शेजारी काय उभे आहे हे ठाऊक नव्हते. अग्निशमन दल त्या दिवसाची आठवण दरवर्षी पाळते. शांततेच्या काळातही कायदा हे अंतर मानतो. १९०३ चा संरक्षण बांधकाम अधिनियम लष्करी आस्थापनांभोवतीच्या जमिनीच्या वापरावर बंधने घालू देतो, ते याच कारणाने.

येथवर वाचून कोणाला वाटेल की, हा हवाई संरक्षणाविरुद्धचा युक्तिवाद आहे. तसे मुळीच नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर रात्रंदिवस बाँब पडू लागले, तेव्हा पहिल्या काही रात्री शहराच्या तोफा जवळजवळ गप्प होत्या आणि लोक खचू लागले होते. विमानविरोधी दलाचे प्रमुख सर फ्रेडरिक पाइल यांनी तोफा शहरात आणल्या आणि लक्ष्य दिसो न दिसो, मारा सुरू ठेवण्याचा हुकूम दिला. त्या गोळ्यांनी फारच थोडी विमाने पडली. पण आपण निराधार नाही, कोणीतरी उत्तर देत आहे, या जाणिवेने लोकांना धीर आला. आज कीव्हचे रहिवासी पाडलेल्या ड्रोनच्या तुकड्यांनी लागलेल्या आगी विझवतात आणि तरीही कवच काढून घ्या असे म्हणत नाहीत. उघड्या आभाळाखाली राहण्याची किंमत त्यांना माहीत आहे. अमीनाबादेतल्या दुकानदाराला विचारले तर तोही कवच हवेच म्हणेल, आणि त्याचे म्हणणे बरोबर असेल.

तेव्हा खरा प्रश्न 'कवच की वस्ती' असा नाही. कवचाचा दांडा किती दूर रोवता येईल, असा तो आहे. आणि येथे भारतीय विज्ञानाने गेल्या काही वर्षांत केलेली कामगिरी खरी उपयोगी पडते.

पूर्वी रडार, तोफ आणि निर्णय घेणारा अधिकारी एकाच जागी असत. आज ते एकत्र असण्याची गरज नाही. वायुसेनेची आयएसीसीएस आणि सेनेची, भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेली 'आकाशतीर' या जाळ्यांत दूरदूरच्या रडारांचे चित्र एका पडद्यावर येते. एका जिल्ह्यातल्या रडारने पाहिलेले लक्ष्य दुसऱ्या जिल्ह्यातला प्रक्षेपक टिपू शकतो. क्षितिजाची अडचण तर आणखी सुंदर रीतीने सुटते. रडार गच्चीवर चढवण्याऐवजी विमानात बसवले की ६० मीटरचे हजारो मीटर होतात. डीआरडीओचे 'नेत्र' विमान हेच काम करते. म्हणजे लंडनला २०१२ मध्ये ज्या कारणासाठी गच्ची लागली, ते कारणच या जाळ्यामुळे बरेचसे दुबळे होते.

पल्ल्याचे गणितही तेच सांगते. सुमारे २५ किलोमीटर पल्ल्याच्या आकाशची एक तुकडी अमीनाबादपासून १५ किलोमीटरवर उभी केली, तरी अमीनाबाद तिच्या छायेत येते. विरुद्ध बाजूला अशीच दुसरी, आणखी एका दिशेला तिसरी, असे कडे केले की शहराच्या मध्याला एकाही क्षेपणास्त्राचे शेजारपण नको. सुमारे ७० किलोमीटरचे एमआरसॅम आणि ४०० किलोमीटरपर्यंत पोहोचणारे एस-४०० तर त्याहून कितीतरी मागे राहू शकतात. शिवाय सुमारे ५.८ मीटर लांब आणि ७०० किलोंहून जड असलेले आकाश डागताना मागे तप्त वायूचा जो झोत सुटतो, त्याला मोकळे मैदान लागते. गडबडझाल्यात एक सायकलरिक्षा अडली तरी वाट बंद होते. तेथे प्रक्षेपक वाहन नेण्याचा विचार लष्करी दृष्टीनेही व्यर्थ आहे.

तुकडे कोठे पडतील, याचेही गणित मांडता येते. ५ किलोमीटर उंचीवर, सेकंदाला २५० मीटर वेगाने जाणारे लक्ष्य मोडले, तर त्याचे जड तुकडे खाली यायला ३० सेकंदांहून अधिक वेळ घेतात आणि तेवढ्या वेळात ते पुढेच सरकत राहतात. हवेचा विरोध धरला नाही तर ८ किलोमीटर. धरला तर त्याहून कमी, पण काही किलोमीटर तरी. म्हणून लक्ष्य शहराच्या वेशीवर गाठणे पुरेसे नाही. ते वेशीच्या बरेच बाहेर गाठायला हवे, आणि त्यासाठी कवचाचे खांबही बाहेरच हवेत. या बाबतीत लष्कराचे हित आणि रहिवाशांचे हित एकाच दिशेला आहे.

मात्र एक थर असा आहे की, जेथे हे समाधान अपुरे पडते. कमी उंचीवरून, घरांच्या आडोशाने येणारा लहान ड्रोन २५ किलोमीटरवरून टिपता येत नाही. त्यासाठी सुमारे ४ किलोमीटर पल्ल्याच्या एल-७० तोफा, ६ किलोमीटरचे व्हीशोराड्स किंवा लेझर लागतो आणि ही शस्त्रे रक्षण करायच्या जागेजवळच ठेवावी लागतात. १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूल येथे ३० किलोवॉटच्या लेझरची चाचणी झाली, तिचे शहरांच्या दृष्टीने मोल येथे आहे. लेझरचा न लागलेला गोळा कोणाच्या छपरावर पडत नाही, साठ्याला आग लागण्याचे भय नसते. पाडलेला ड्रोन मात्र लेझरनेही खालीच येतो. या शेवटच्या थरासाठी वस्तीजवळची जागा टाळता येणार नाही. रेल्वेचे आवार, नदीकाठचे मैदान, छावणीची हद्द अशा जागा निवडता येतील. शाळेची गच्ची आणि रुग्णालयाचे आवार कटाक्षाने वगळता येतील.

आणि आता तो प्रश्न, जो शहरातील चर्चेत सहसा येत नाही. अमीनाबादपासून १५ किंवा २५ किलोमीटर दूर म्हणजे कोठे? एका दिशेला मलिहाबाद आहे, जिथल्या दशहरी आंब्याच्या बागा देशभर प्रसिद्ध आहेत. तेथे वस्ती विरळ आहे, पण आहे. शहराचे छत्र जेवढे दूर रोवू, तेवढा त्याचा दांडा खेड्याच्या अंगणात जातो. मुंबईचे कवच पालघर-रायगडच्या शेतांतून उभे राहील, पुण्याचे मावळ-मुळशीतून. हजारांच्या ऐवजी दहांवर धोका येतो, म्हणून हे गणित बरोबरच आहे. परंतु त्या दहांच्या दृष्टीने ते गणित पूर्ण नाही. बडगामचा तो सातवा माणूसही विरळ वस्तीतलाच होता.

म्हणून कवचाबरोबर काही गोष्टी देशाने लोकांना द्यायला हव्यात. प्रक्षेपक नेमका कोठे आहे, हे गुप्तच राहिले पाहिजे. त्याबद्दल दुमत नाही. जागा निवडण्याचे तत्त्व मात्र गुप्त असण्याचे कारण नाही. दाट वस्ती, शाळा, रुग्णालये आणि देवस्थाने यांच्यापासून किती अंतर राखले जाईल, कोणता अपवाद कोणाच्या संमतीने होईल, हे नियम छापून जाहीर करता येतात. अवशेष पडला तर हात लावू नका, अमुक क्रमांकावर कळवा, हे खेडोपाडी शिकवता येते. भोंगा वाजल्यावर कोणत्या भिंतीआड जायचे, हे वर्षातून एकदा तरी सरावाने ठाऊक करता येते. ७ मेच्या तालमीने दाखवून दिले की, लोक ते उत्साहाने शिकतात. आणि शहरासाठी उभ्या केलेल्या कवचाचा तुकडा ज्याच्या छपरावर पडेल, त्याला भरपाईसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागणार नाहीत, एवढी तरतूद आधीच करून ठेवता येते. यातील एकाही गोष्टीने शत्रूला काही कळत नाही. आपल्या माणसाला मात्र कळते की, त्याचा हिशेब धरला गेला आहे.

२०३५ ला अजून अवकाश आहे. तोवर पल्ले वाढतील, लेझर अधिक शक्तिशाली होतील, जाळे अधिक दाट विणले जाईल. त्या प्रत्येक चाचणीची बातमी येईल आणि देश तिचे स्वागत करील. त्या स्वागतात एक प्रश्नही असावा: या नव्या शोधाने कवचाचा दांडा वस्तीपासून आणखी किती दूर गेला? मलिहाबादच्या बागेत उभा असलेला दांडा ज्यांच्या बांधावर आहे, त्यांनाही हा प्रश्न विचारण्याचा तेवढाच हक्क आहे, आणि त्यांना मिळणारे उत्तर शहराला मिळणाऱ्या उत्तराइतकेच स्पष्ट असले पाहिजे.